धुराड्याच्या पोटातले सारवण

लाकडाच्या बंद चुलीचे धुराडे आज युरोपात दुरुस्त केले जाते तेव्हा विटांच्या जुन्या पोकळीत पोलादाची एक लवचिक नळी छपरावरून खाली सोडतात. तिला धुराड्याचे अस्तर म्हणतात, आणि धुरातील आम्ल, डांबर व उष्णता विटांच्या सांध्यांपर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम असते. अस्तर नळीच्या आकाराचे असल्यामुळे त्याची कुळकथा लावू पाहणारा साहजिकच नळ्यांच्या मागे जातो: पोलादी नळीआधी भाजलेल्या मातीची नळी, तिच्याआधी सांडपाण्याची नळी, आणि त्याही मागे रोमन स्नानगृहांच्या भिंतींतील पोकळ विटा. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की ही वंशावळ केवळ आडनाव सारखे म्हणून भाऊबंद ठरवावेत तशी लावलेली आहे. अस्तराचा मूळपुरुष नळी नसून लेप आहे, आणि तो लेप शेणाचा होता. इंग्लंडमधील विटांच्या धुराड्यांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आतून जो गिलावा केला जाई, त्यात चुन्याबरोबर गाईचे शेण कालवलेले असे. म्हणजे कोकणातील घरात जे द्रव्य जमिनीला, भिंतीला आणि चुलीला लागत होते, तेच लंडनच्या घरांत धुराड्याच्या पोटात लागत होते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील तळेरे हे गाव ही कथा तपासून पाहण्यास सोयीचे आहे, कारण येथे ज्या वाटा एकत्र येतात त्या प्रत्येक वाटेवर या कथेचा एकेक घटक उभा आहे. पश्चिमेची वाट विजयदुर्गाकडे, म्हणजे शिंपल्यांचा चुना भाजणाऱ्या किनारपट्टीकडे जाते. पूर्वेची वाट वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरच्या गुऱ्हाळांच्या मुलखात उतरते. आणि उत्तर-दक्षिण जाणारा मुंबई-गोवा महामार्ग सिमेंटचे पाइप, मंगलोरी कौले आणि अलीकडचा स्टेनलेस स्टीलचा माल आणून टाकतो. चुना, शेण, चिकणमाती, कुंभाराचे चाक आणि लाकूडफाटा हे सगळे या मुलखात शेकडो वर्षे हाताशी होते, तरीही येथील घराला धुराडे नव्हते. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आले तेव्हा लेपावाचून, उघड्या नळीच्या रूपात आले. या दोन्ही गोष्टींचा उलगडा लेपाच्या बाजूने पाहिल्यासच होतो.

त्यासाठी अस्तर नेमके कशाविरुद्ध लावले जाते ते आधी पाहिले पाहिजे. एक किलो अगदी कोरडे लाकूड जळले तरी त्यातील हायड्रोजनपासून सुमारे अर्धा किलो पाणी वाफेच्या रूपाने धुरात मिसळते, आणि लाकूड ओले असेल तर त्यात ओलीच्या वाफेची भर पडते. ही वाफ धुराड्याच्या थंड भिंतीला लागली की तिचे पाणी होते. त्या पाण्यात ॲसिटिक आम्ल आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचे तेलकट डांबर, ज्याला क्रिओसोट म्हणतात, उतरते. आणि हे काळे, आंबूस पाणी विटांच्या सांध्यांतील चुना पोखरत पलीकडच्या भिंतीवर डागांच्या रूपाने फुटते. डांबराचा थर आतच वाळून राहिला तर तो स्वतःच इंधन ठरतो, आणि एखाद्या जोराच्या जाळाने त्याने पेट घेतल्यास धुराड्यातील तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. म्हणून अस्तराकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: ते पाणी शोषून घेणारे नसावे, आणि उष्णतेने तडकणारेही नसावे. ज्या द्रव्याने या दोन्ही अपेक्षा पुरेशा अंशाने आणि फुकटात भागवल्या, ते द्रव्य गोठ्यात मिळत होते.

युरोपातील धुराड्याच्या इतिहासाचे सर्वपरिचित टप्पे थोडक्यात सांगता येतात. मध्ययुगीन इंग्लिश घरात शेकोटी खोलीच्या मध्यभागी असे आणि धूर गवती छपरातून वाट काढी. बाराव्या शतकात किल्ल्यांच्या भिंतींत धूरमार्ग ठेवले जाऊ लागले. सोळाव्या शतकात विटांची धुराडी सामान्य घरांपर्यंत उतरली. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिनने लोखंडी शेगडी काढली. आणि १७९६ मध्ये काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करून त्याची ओढ सुधारली. या यादीत एक कडी नेहमी गळते, आणि प्रस्तुत कथेचा सगळा भार तिच्यावरच आहे. छपरातून झिरपणारा धूर आणि विटांचे धुराडे यांच्या मध्ये लाकडी धुराड्याचा एक मोठा काळ होता. इंग्लंड-वेल्समधील खेड्यांत आणि नंतर अमेरिकेतील वसाहतींत लाकडाच्या चौकटीत काठ्या विणून, त्यांवर आतून-बाहेरून चिकणमाती, गवत आणि शेण यांचा जाड लेप चढवून धुराडी उभारली जात. कोकणी वाचकाला हे बांधकाम ओळखीचे आहे: ते कुडाचे धुराडे होते. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांची ताटी, तिच्यावर शेणमातीचे लिंपण, ही सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भिंत जशीच्या तशी उभी करून तिच्यातून धूर सोडावा, इतकीच ती रचना होती.

अशा धुराड्यात लेप ही शोभेची किंवा स्वच्छतेची बाब नसते. घर आणि आग यांच्यामध्ये तेवढीच एक गोष्ट असते. लेप शाबूत असेपर्यंत काठ्या सुरक्षित राहतात, आणि एका ठिकाणचा पोपडा निघाला की त्याच ठिकाणी काठी पेटते. बॉस्टनच्या वसाहतीत १६३१ मध्ये लाकडी धुराडी आणि गवती छपरे यांना बंदी करण्यात आली ती अशाच एका आगीनंतर. बंदी आली, विटा आल्या, पण गवंड्याच्या हाताची सवय गेली नाही: विटांच्या धुराड्यालाही तो आतून लेप देतच राहिला, फक्त चिकणमातीच्या जागी चुना आला आणि शेण जागेवरच राहिले. नऊ इंच लांब-रुंद किंवा चौदा इंच बाय नऊ इंच अशा मापाचा धूरमार्ग रचत जाताना गवंडी दर काही थरांनी हात आत घालून चुना-शेणाचा गिलावा घोटून घेई, कारण धुराडे पूर्ण झाल्यावर आत हात पोहोचणार नाही हे त्याला ठाऊक असे.

चुन्यात शेणच का, याचे उत्तर सारवणाऱ्या कोणत्याही बाईला सांगता येईल, पण ते येथे जरा सविस्तर मांडणे आवश्यक आहे. गाय चारा रवंथ करून पचवते तरी त्यातील चिवट तंतू पूर्ण पचत नाहीत. ते बारीक होऊन शेणात उतरतात. गिलावा वाळताना आकसतो, आकसताना तडकतो. हे तंतू तड सुरू होते तेथेच तिला अडवतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा पडतात आणि लेप भिंतीवरून सुटत नाही. शेणातील चिकट अंश पाणी धरून ठेवतो, म्हणून चुना सावकाश वाळतो आणि हाताखाली लोण्यासारखा पसरतो, जे अरुंद पोकळीत आंधळेपणाने काम करणाऱ्या गवंड्याला फार उपयोगाचे असते. पुढे धुराड्याच्या तापाने हे तंतू हळूहळू जळतात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांमुळे लेपाला तापताना फुगायला आणि निवताना आकसायला जागा मिळते. निव्वळ चुन्याचा घट्ट गिलावा अशा तापण्या-निवण्यात पापुद्र्यांनी गळून पडतो. जमिनीसाठी निवडलेले द्रव्य आगीसाठीही योग्य ठरले ते असे.

या प्रतिपादनाला पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे नळीपक्ष, आणि त्याची बाजू दुबळी नाही. रोमन स्नानगृहांच्या भिंतींत भाजलेल्या मातीच्या पोकळ विटा एकावर एक रचून त्यांतून जमिनीखालच्या भट्टीची गरम हवा वर नेली जाई; आकाराने त्या आजच्या मातीच्या अस्तराशी इतक्या जुळतात की त्यांना पूर्वज म्हणण्याचा मोह आवरत नाही. पण त्या विटांचे काम भिंत तापवणे हे होते, आणि अस्तराचे काम भिंतीला तापापासून वाचवणे हे आहे. ज्या वस्तूचा हेतू नेमका उलटा, तिला केवळ आकारावरून पूर्वज ठरवणे योग्य नाही. शिवाय रोमन सत्ता गेल्यावर पश्चिम युरोपात ही विद्या मोडली आणि बाराव्या शतकात धुराडे नव्याने उभे राहिले तेव्हा त्यात पोकळ विटा नव्हत्या. नळीपक्षाला हीच अडचण सिंधुसंस्कृतीतही येते: तेथे भाजलेल्या मातीच्या, एकीचे टोक दुसरीच्या तोंडात बसणाऱ्या सांडपाण्याच्या नळ्या होत्या, तरी त्यांतून कोणी स्वयंपाकाचा धूर बाहेर सोडला नाही. नळी असणे आणि धुराड्याला अस्तर सुचणे यांत कार्यकारणसंबंध नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

कोकणातील पुरावा तर नळीपक्षाच्या अधिकच विरुद्ध जातो. येथील जुन्या घरावरचे अर्धगोल नळे कुंभार सपाट थापून वळवत नसे; चाकावर तो एका टोकाला किंचित निमुळती अशी पूर्ण, दोन्ही तोंडांनी उघडी नळी ओढत असे आणि ती अर्धवट सुकली की तिला समोरासमोर दोन उभ्या चिरा देऊन तिचे दोन नळे करत असे. म्हणजे धुराड्याला लागणारी मातीची नळी या मुलखातील कुंभाराच्या हातून हजारोंच्या संख्येने तयार होत होती. तिला चीर न देता भाजले असते तर तीच आजच्या अर्थाने अस्तर झाली असती. निमुळतेपणामुळे एकीचे अरुंद टोक दुसरीच्या रुंद तोंडात आपोआप बसले असते. नळी दारात असूनही ती कोणी धुरासाठी वापरली नाही, कारण गरज नळीची नव्हती. ज्या घराला धुरासाठी वेगळा मार्गच नको होता, त्या घरात त्या मार्गाचे अस्तर सुचण्याचे कारण नव्हते.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक मोहक आहे, आणि भारतीय वाचकाला तो सहज पटण्याचा धोका आहे: कंपनी सरकारच्या काळात इंग्रजांनी शेणाचा गिलावा हिंदुस्थानातून उचलला आणि मायदेशी नेला, असे म्हणावे. कालक्रम याला आधार देत नाही. शेण मिसळलेली लिंपणाची माती इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून वापरात होती, म्हणजे पहिला इंग्रज व्यापारी सुरतेला उतरण्याच्या कितीतरी आधीपासून. उलट दिशेचा तर्क, की आपल्याकडचे लिंपण गोऱ्या इंजिनिअरांनी शिकवले, हा तर हास्यास्पदच ठरेल. जेथे गाय, माती आणि कामट्या एकत्र आल्या, तेथे लेप स्वतंत्रपणे जन्माला आला, हेच मानणे सयुक्तिक आहे. देवाणघेवाण झाली असेलच तर ती १८२८ नंतर वसलेल्या महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणी झाली असावी, जेथे बंगल्यांतील भिंतीच्या शेकोट्या आणि त्यांची धुराडी देशी गवंड्यांनी रचली. इंग्रज साहेबाने चुन्यात शेण घालायला सांगितले असेल तेव्हा सातारच्या गवंड्याला त्यात नवल वाटले नसणार, हा तर्क मात्र निःशंकपणे करता येतो.

कोकणी घराला धुराडे का नव्हते याचे उत्तर अनेकदा दारिद्र्य किंवा अज्ञान या दोन शब्दांत उरकले जाते. ते उत्तर चूक आहे, कारण येथे छप्परच धुराडे होते. नळ्यांचे छप्पर म्हणजे एकमेकांवर सैल ठेवलेल्या शेकडो तुकड्यांची रचना. वरून पडणारे पाणी ती खाली येऊ देत नाही, पण खालून चढणारा धूर प्रत्येक फटीतून बाहेर सोडते. चुलीचा धूर आधी माळ्यावर भरतो, तेथील वासे, बांबूच्या रिपा आणि काथ्याची बांधणी यांना काजळीचा थर देतो, भुंगा आणि वाळवी दूर ठेवतो, बियाणे आणि सुकी मासळी कोरडी राखतो, आणि मग बाहेर जातो. ज्या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेथे लाकडी छप्पर टिकवण्यासाठी धूर ही देखभालीचीच तरतूद होती. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रथम छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात अशीच नोंद केली आहे: गावातील म्हातारी माणसे नव्या धुराड्यांची गर्दी हा मोठा बदल म्हणून सांगत, आणि पूर्वी घरात कोंडणाऱ्या धुराने लाकूड घट्ट होते आणि माणसेही निरोगी राहतात अशी समजूत होती. लाकडाबाबत ती समजूत बरोबर होती. माणसांबाबत ती किती चूक होती हे समजण्यास चारशे वर्षे लागली. चुलीच्या धुराचे स्त्रियांच्या श्वासावाटे शरीरात जाणारे प्रमाण अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील खेड्यांत मोजले, तेव्हा हा विषय आरोग्यशास्त्राच्या पटलावर आला.

तोवर कोकणातील छप्पर बदलू लागले होते. बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू येथे यंत्राने दाबलेल्या, एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलांचा कारखाना काढला, आणि ही मंगलोरी कौले समुद्रमार्गे व पुढे रस्त्याने साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. खाचेमुळे वारा-पाऊस थांबला, पण फटीही कमी झाल्या. त्यानंतर सिमेंटचे पत्रे आणि काँक्रीटचा स्लॅब आला, आणि धुराची वाट पूर्णच बंद झाली. चूल तीच, फाटी तीच, सोडणे आणि करवंट्या त्याच. बदलले ते फक्त छप्पर. धुराड्याची गरज कोकणात प्रथम निर्माण झाली ती अशी, स्वयंपाकघराच्या मागासपणातून नव्हे तर छपराच्या प्रगतीतून.

गरज ओळखणारे लोक मात्र दुसरीकडे होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. तेथून मातीची, धुराडे असलेली मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशीच निर्धूर चूल बसवली आणि १९५३ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या होत्या. महाराष्ट्रात या कार्यक्रमाला तांत्रिक आधार देणाऱ्यांत डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात उभारलेली ‘आरती’, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, ही संस्था होती, आणि तिच्या साच्यातून निघालेली लक्ष्मी चूल दोन भांड्यांची, सिमेंट-मातीची व मागे धुराडे असलेली होती.

या चुलींचे शरीर मातीचे किंवा सिमेंटचे, पण धुराडे सांडपाण्याच्या आणि पागोळीच्या कामातून उसने घेतलेले होते. सिमेंटचा किंवा ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा तीन-चार इंची पाइप चुलीच्या मागच्या छिद्रावर उभा करायचा, कौलांतून बाहेर काढायचा आणि वर टोपी बसवायची, एवढीच त्याची रीत. नळीपक्षाचा विजय म्हणावा तो येथेच झाला, आणि त्याचे परिणामही येथेच दिसले. धुराड्याची ओढ त्याच्या उंचीवर आणि आतील-बाहेरील तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ३० अंश आणि आत १५० अंश तापमान असताना तीन मीटर उंचीच्या धुराड्याची ओढ सुमारे १० पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम एका मिलिमीटरच्या दाबाइतकी असते. आतील तापमान ८० अंशांवर आले की ती निम्मी होते. सुधारित चुलीचे कौतुक ज्या गुणासाठी, तोच येथे आड येतो: वैलावरचे दुसरे भांडे धुरातील उष्णता शोषून घेते, त्यामुळे धूर निवून धुराड्यात शिरतो, पातळ भिंतीच्या उघड्या पाइपमध्ये आणखी निवतो, आणि पावसाळ्यातल्या दमट फाट्यांच्या वाफेसकट तेथेच पाणी आणि डांबर होऊन बसतो. तीन इंची नळीच्या भिंतीवर चहूबाजूंनी अर्धा इंच थर जमला की तिचे तोंड दोन इंचांवर येते, म्हणजे धुराची वाट क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी उरते. धूर मग पुन्हा स्वयंपाकघरात येतो, आणि दोष चुलीला लागतो.

इंग्लंडनेही नेमक्या याच अडचणीतून अस्तर शोधले, आणि लेपपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा तो हाच. जोवर उघड्या शेकोटीचा गरम, भरपूर धूर धुराड्यातून जात होता तोवर चुना-शेणाचा गिलावा पुरे पडला. विसाव्या शतकात बंद, काटकसरीच्या शेगड्या आल्या, धूर निवला, कोळशातील गंधकाने त्यात आणखी तीव्र आम्लाची भर घातली, आणि चुन्याचा लेप आतून खाल्ला गेला. इमारतींचे १९६५ चे नियम १ फेब्रुवारी १९६६ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाले तेव्हा नव्या धुराड्यांना अस्तर सक्तीचे झाले. नियमाने नळी आणली ती धूर वाहून नेण्यासाठी नव्हे, कारण धूर वाहून नेणारी विटांची पोकळी होतीच. नळी आणली ती झिजलेल्या लेपाच्या जागी.

ही नळी बसवण्याची पद्धत पाहिली तरी तिच्यात लेपाचा हेतूच दिसतो. भाजलेल्या मातीच्या नळ्या रचताना प्रत्येक नळीचे रुंद तोंड वर ठेवतात आणि वरच्या नळीचे अरुंद टोक त्यात बसवतात, म्हणजे भिंतीवरून ओघळणारे डांबरी पाणी सांध्यातून बाहेर न जाता आतल्या आतच खाली उतरते. नळ्यांचे छप्पर शाकारणारा कोकणी माणूसही वरच्या नळ्याची कड खालच्या नळ्यावर चढवतो; पाणी रचनेच्या योग्य बाजूलाच राहावे, हा नियम दोन्हीकडे एकच. जुन्या धुराड्यात आता लवचिक पोलादी नळी वापरतात. ती दोन पदरी असते; निव्वळ लाकडासाठी ३१६ क्रमांकाचे आणि कोळसाही जाळायचा असल्यास अधिक आम्लरोधक असे ९०४ क्रमांकाचे स्टेनलेस स्टील घेतात. आधी धुराडे झाडून काढतात, मग नळीच्या टोकाला शंकूसारखे टोपण आणि दोरी बांधून एक माणूस छपरावरून ती सोडतो व दुसरा खालून दोरीने ओढतो. नळीवर बाणाची खूण असते आणि तो बाण धुराच्या दिशेने वर ठेवावा लागतो, कारण उलट बसवल्यास आतल्या पट्टीच्या कडा ओघळत्या डांबराला अडवतात. नळी आणि विटा यांमधली पोकळी फुगवलेल्या अभ्रकाच्या दाण्यांनी भरतात, म्हणजे धूर गरम राहतो आणि मुळात पाणीच कमी होते. १२५ किंवा १५० मिलिमीटर व्यासाची ही नळी, तिच्याभोवतीचा उबदार भराव आणि आतली गुळगुळीत बाजू या तिन्ही मिळून जे काम करतात, ते गवंड्याच्या एका शेणाच्या हाताने एकेकाळी होत असे.

लेप पुरेसा केव्हा ठरतो हे पाहण्यास तळेऱ्याहून घाट चढून वर गेले पाहिजे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडांचा प्रचंड जाळ सतत पेटता असतो, म्हणून चुलाणामागच्या धुराड्यात धूर इतका तापलेला जातो की त्याचे पाणी होण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे विटा आणि त्यांवरचे मातीचे लिंपण एवढ्यावर भागते. घरातल्या चुलीवर मात्र सकाळी तासभर जाळ, मग निखारे, मग संध्याकाळपर्यंत थंड चूल, असा क्रम असतो, आणि थंड धुराड्यात पहिला धूर शिरतो तेव्हाच सर्वांत जास्त डांबर बसते. एकाच तत्त्वाची ही दोन टोके आहेत, आणि नळीची लांबी-रुंदी मोजून ती समजत नाहीत.

पुढच्या काळातील एका नमुन्याने हे ओळखलेले दिसते. फिलिप्स कंपनीच्या रचनाकारांनी ‘आरती’च्या सहकार्याने आखलेल्या, २००९ मध्ये डेन्मार्कचा इंडेक्स पुरस्कार मिळवणाऱ्या चुलीच्या धुराड्यात काजळी अडवण्यासाठी खाचा असलेल्या मातीच्या चकत्यांची चळत बसवली होती, आणि छपरावर न चढता घरातूनच धुराडे साफ करता येईल अशी सोय ठेवली होती. काजळी बसणारच, तेव्हा ती बसणारा पृष्ठभाग हाताशी आणि बदलता येण्याजोगा हवा, हा त्यामागचा विचार लेपाचाच विचार आहे.

कारण लेपाचा खरा गुण त्याच्या द्रव्यात नसून त्याच्या वारंवारतेत होता. कोकणातील चुलीवरून रोज पोतेरे फिरत असे, जमीन ठरावीक दिवसांनी सारवली जात असे, आणि भेग दिसली की त्याच दिवशी बुजत असे. हे काम स्त्रियांचे आणि बिनमोलाचे होते. इंग्लंडमध्ये धुराड्याच्या आत पोचण्यासाठी लहान मुले आत चढवली जात; १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी झाडणाऱ्यांतील कर्करोग काजळीशी जोडला, १७८८ पासून कायदे होत गेले, आणि १८७५ च्या कायद्यानंतर ही प्रथा खऱ्या अर्थाने थांबली. म्हणजे दोन्ही देशांत अस्तर टिकले ते ज्यांच्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवत नव्हते अशा हातांमुळे. ते हात मोकळे झाले, किंवा व्हायला हवे होते, तेव्हा त्यांची जागा घेणारी टिकाऊ वस्तू लागली. इंग्लंडमध्ये ती कायद्याने आणि घरमालकाच्या खर्चाने आली. सुधारित चुलीबरोबर आलेल्या उघड्या पाइपने मात्र श्रम वाचवल्याचे गृहीत धरले आणि प्रत्यक्षात त्यात छपरावर चढून पाइप झाडण्याच्या नव्या, धोक्याच्या कामाची भर घातली, जे करायला घरात कोणी नव्हते.

आज सिंधुदुर्गात घरोघरी गॅस आला आहे, आणि कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानासारख्या संस्थांच्या कामामुळे शेण बायोगॅसच्या टाकीत जाऊ लागले आहे. तरी आंघोळीचे पाणी तापवण्याची आणि मोठ्या स्वयंपाकाची चूल लाकडावरच चालते, आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या घरांत शेकोटीसह धुराडेही येऊ लागले आहे. अशा धुराड्याला पोलादी अस्तर घालायचे की मातीचे, हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा की ते दर पावसाळ्याआधी कोण, कोठून आणि किती सहजपणे साफ करणार. ज्या रचनेत याचे उत्तर बांधतानाच दिलेले असेल, तीच चुना-शेणाच्या त्या जुन्या लेपाची कायदेशीर वारस समजावी.